तीन चमचे सोडा

पेल्हॅम टाउनशिप, आयोवा
ऑक्टोबर १९११

प्रिय हॅटी,

तू ओमाहाला गेल्यापासूनचं हे माझं पहिलंच पत्र. राग येत असेल तर खुशाल येऊ दे, पण आधी हे सगळं वाच. शेवटचं पान आधी उघडून बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तेवढी आवर. मी मोठ्या कष्टाने सगळं ओळीने मांडलंय, आणि मला ओळीने काही मांडता येत नाही हे तू पंचवीस वर्षं ऐकवत आली आहेस.

आधी इकडची खुशाली. तुझी जिरॅनियमची रोपं जिवंत आहेत, एक सोडून. लाल गायीला कालवड झाली. मी अजूनही माझ्या नवऱ्याची विजार घालूनच दूध काढते, आणि पाद्रीबाबा अजूनही ती बघून आभाळाकडे मान वळवतात. गेल्या वादळात ओढ्याजवळचा टेलिफोनचा खांब कलला, तर तोही मीच चढून सरळ केला. कंपनीने माझा फोन काढून नेल्याला तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. खांबावर चढलेच होते, म्हणून माझीही तार परत जोडून घेतली, आणि माळ्यावर एक जुना फोन पडला होता तो भिंतीला लावला. कुणी विचारलं नाही. बावन्न वर्षांच्या बाईला खांबावर बघून लोक इतके गांगरतात की पुढचं काही विचारायचंच राहून जातं.

थांब, जरा उठावं लागतंय.

आले. तर ती आग. तुला माहीत असलेलंही पुन्हा लिहिते, कारण त्या सभेत तू काही ऐकत होतीस असं मला वाटलं नाही. तू सारखी खिडकीबाहेर बघत होतीस. ऑगस्टच्या अखेरीस अँब्रोज टटलचा गोठा जळाला. वर्षाचा चारा गेला, आणि त्याच्या बायकोने, अल्मायराने, माहेराहून आणलेली करडी घोडी गेली. अल्मायरा तेव्हा घरी नव्हती, लाइनच्या पार टोकाला बहिणीच्या आजारपणात होती. टटलचं घर टेकडीमागे, त्यामुळे आकाश लाल होईपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. दोनच दिवसांत शाळेत सभा भरली. टटल उभा राहिला, टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष, चर्चचा डीकन, भुवया जळालेल्या. म्हणाला, "मी धावत घरात गेलो. रिसीव्हर उचलला. लाइन स्मशानासारखी शांत. हँडल फिरवून फिरवून माझा दंड भरून आला, पण तारा जोडून देणाऱ्या सेंट्रलचा पत्ता नाही! क्रॉसिंगवर संध्याकाळची गाडी शिट्टी देत होती, ती मला ऐकू आली. हॅटीबाईंना मात्र माझी घंटा ऐकू आली नाही. बाई सेंट्रलच्या बोर्डावर असत्या तर सगळ्यांना आगीची घंटा गेली असती, आणि आज घोडी जिवंत असती."

घोडीचं नाव निघालं आणि सभा तुझ्या विरुद्ध गेली. तुझी नोकरी गेली, आणि बोर्ड तुझ्या पुढच्या खोलीत होता म्हणून त्याबरोबर कंपनीचं ते घरही गेलं. इतकी वर्षं या मुलखात कोण बाळंत होतंय, कोण मरतंय, कुणाची गाय ओढ्यात पडली, सगळं पहिल्यांदा तुझ्या कानावर आलं आणि तुझ्या तोंडून बाहेर कधी गेलं नाही. त्या तुला लोकांनी झोपाळू म्हातारी ठरवलं. आपलं वय तेव्हाही एकच होतं, म्हणून मला ते जास्तच लागलं.

मी उठले, हे तुला आठवत असेल. म्हणाले, लाइन शांत नव्हती. त्या वेळी अल्मायरा तिच्या बहिणीच्या घरून डे मॉइनला लेकीशी, लोटीशी बोलत होती. शिट्टी झाली तेव्हाही बोलत होती, आणि शिट्टीनंतर हॅटीचा आवाज आला होता, 'अजून बोलताय ना?' म्हणून. टटल म्हणाला, "ऑगस्टाबाई, तुम्ही कुणाशी बोलत होता?" मी म्हटलं, "कुणाशी नाही. मी ऐकत होते." हॅटी, मी घोडे चोरते असं म्हटलं असतं तरी लोक इतके दचकले नसते. मिसेस क्रल तर रुमाल तोंडाला लावून म्हणाली, "बाई बाई! आमच्याकडे नाही हो असल्या सवयी!" दुसऱ्यांच्या बोलण्याला कान लावणाऱ्याचा फोन काढून घ्यायचा, हा नियम टटलनेच केलेला. माझा तिथल्या तिथे काढायचं ठरलं. मैत्रिणीसाठी मैत्रीण खोटं बोलतेय, असं वर म्हणून झालं. अल्मायराला विचारलं तर ती मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाली, "वेळ नक्की आठवत नाही." आणि तुला विचारलं की त्या वेळी तू कुणाला जोडून दिलं होतंस, तर तू एवढंच म्हणालीस, "लाइनवरचं लाइनवर." मला त्या क्षणी तुझे खांदे धरून तुला गदागदा हलवावंसं वाटलं. अजूनही वाटतं.

लाइनवर घरं अकरा, तार सगळ्यांची एकच, आणि एकाची घंटा सगळ्यांकडे वाजते. एका घरून अल्मायरा बोलत होती. दुसरं टटलचं. उरलेली नऊच्या नऊ घरं त्या संध्याकाळी ऐकत होती, माझं धरून. हे मला कसं कळलं म्हणशील, तर तुला कळतं तसंच. एकेक जण रिसीव्हर उचलतं तसा 'टक्' आवाज होतो आणि बोलणाऱ्याचा आवाज बारीक होत जातो. शेवटी अल्मायराचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. मागे थॉर्सनांच्या घड्याळाची टिकटिक, कुणाचा तरी खोकला, आणि क्रलांच्या घरचा तो मेला पोपट! एवढी मंडळी साक्षीला होती, आणि सभेत सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. मला त्यांचा राग आला, पण कारणही कळत होतं. हिवाळ्यात दारापर्यंत बर्फ साचतं, डॉक्टर दोन तासांवर, आणि भिंतीवरची ती लाकडी पेटी तेवढा आधार. ती जाईल म्हटल्यावर माणसाचं धैर्य जातं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा तर आपल्या टाउनशिपचा जुना धर्मच आहे.

दुसऱ्याच आठवड्यात तू सामान बांधलंस. स्टेशनवर मला येऊ दिलं नाहीस. मी तरीही आले होते, धान्याच्या कोठाराआड उभी होते. तुझ्या हॅटला निळी फीत होती.

परत उठावं लागलं, माफ कर. आज काय सगळ्यांना एकदमच सुचतंय.

आता खरी गोष्ट. त्या संध्याकाळी सगळे एवढे कानांत प्राण आणून काय ऐकत होते, हे तुलाही माहीत आहे, तू कबूल करणार नाहीस तो भाग वेगळा. अल्मायरा लोटीला तिच्या सफरचंदाच्या केकची कृती सांगत होती. तोच तो काकवी आणि आंबट दुधाचा केक, जो दरवर्षी सुगीच्या जेवणात पहिल्यांदा संपतो, आणि ज्याची कृती तिने सख्ख्या बहिणीलाही दिली नव्हती. लोटीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला यायची होती, म्हणून तिने कृती मागितली. अल्मायरा एकेक जिन्नस सावकाश सांगत होती आणि नऊ घरांत नऊ बाया पेन्सिली चालवत होत्या. खायच्या सोड्यापाशी आली आणि नेमकी गाडीने शिट्टी दिली. शिट्टी थांबेपर्यंत ती थांबली आणि मग स्वच्छ म्हणाली, "तीन चमचे, लोटी. सोडा तीन चमचे. लिहिलंस ना? तीन."

मीही लिहिलं. स्वयंपाकातलं मला फारसं कळत नाही, पण तीन चमचे ऐकून एकदा मनात आलं होतं की हे जरा जास्तच होतंय. मग वाटलं, बक्षीस तिला मिळतं, मला नाही.

गेल्या शनिवारी चर्चच्या तळघरात सुगीचं जेवण झालं. सगळी टाउनशिप आली होती. मी माझा केक घेऊन गेले. मध्ये बसला होता, म्हणून वर लोणी-साखरेचा जाड थर देऊन झाकला होता. चाखून बघितला नव्हता, कारण कापलेला केक घेऊन जेवणाला जाणं म्हणजे काय नाचक्की असते ते तुला सांगायला नको. टेबलावर ठेवायला गेले आणि बघते तर काय, तिथे आधीच आठ केक मांडलेले. सगळे तपकिरी, सगळे मध्ये बसलेले, आणि आठहीजणींनी वर लोणी-साखरेचा जाड थर दिलेला. माझा नववा. त्यांच्याशेजारी अल्मायराचा दहावा, छान फुगलेला, राणीसारखा. आणि टेबलाच्या टोकाला खुद्द अल्मायरा, हातावर हात ठेवून. त्या सभेनंतर पहिल्यांदाच चारचौघांत आली होती. बारीक झालीय. पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं, हॅटी, आणि ते दुःख नव्हतं.

पाद्रीबाबांनी सगळ्यांत आधी एक तुकडा तोंडात टाकला, तो मिसेस क्रलच्या केकचा. चर्चमध्ये माणूस जितका प्रामाणिक असायला हवा तितका त्यांचा चेहरा झाला. घोट घोट पाणी प्यायले आणि म्हणाले, "वा! फारच... स्वच्छ चव आहे." मी माझा केक चाखला. कपडे धुवायच्या साबणाचा चावा घेतल्यासारखं झालं. मग थॉर्सनांचा चाखला, साबण. चौथ्या केकपर्यंत मी पोचले आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अल्मायरा काही कृती सांगत नव्हतीच! लोटीला खरं माप आधीच पत्राने गेलं असणार. फोनवरचे तीन चमचे आपल्यासाठी होते. कोण कोण कान लावून बसतं ते तिला सुगीच्या टेबलावर बसल्या जागी बघायचं होतं.

हॅटी, मी घाई केली नाही. कॉफी प्यायले. टटल आभाराची प्रार्थना म्हणायला उभा राहिला, त्याला दोन वाक्यं बोलू दिली, आणि मग त्याच्यापुढे ते नऊ केक एका रांगेत आणून ठेवले. म्हटलं, "टटलसाहेब, आमेनच्या आधी जरा चाखून बघा." एवढ्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. पहिला चाखला, दुसरा चाखला, तिसऱ्याला चमचा खाली ठेवला. मी म्हटलं, "एकसारखेच वाईट आहेत की नाही? नऊ बायकांनी नऊ चुलींवर तीच चूक कशी केली असेल?" आणि एकेक ताट उचलून खालची नावाची चिकटपट्टी वाचायला लागले. आपापलं ताट परत मिळावं म्हणून बाया नाव लावतात, आणि तेच त्यांच्या अंगाशी आलं. क्रलचं नाव वाचलं तेव्हा मिसेस क्रलने सभेतला तोच रुमाल बाहेर काढला.

मग मी विचारलं, "तीन चमचे सोडा. कुठून कळलं तुम्हाला?" कुणी छताकडे, कुणी बुटांकडे. मला वाटलं, संपलं, आजही कुणी बोलणार नाही. तेवढ्यात थॉर्सनांची गुड्रून आजी, जिला निम्मं ऐकू येत नाही आणि जिला कुजबुजता मुळीच येत नाही, ती शेजारणीच्या कानाशी ओरडली, "मला वाटलंच होतं जास्त आहे! पण त्या गाडीच्या शिट्टीनंतर बाई तीन-तीनदा तेच म्हणाली ना गं!"

तिची सून लाल झाली. पण बाहेर पडलं ते पडलं. मी म्हटलं, "आजी, शिट्टीनंतर आणखी काय ऐकलंत?" आजी म्हणाली, "आणखी काय? हॅटी आली की मध्येच. 'अजून बोलताय ना' म्हणाली. दर वेळी म्हणते. गोड आवाज आहे पोरीचा." तुला पोरगी म्हणणारं माणूस या मुलखात अजून शिल्लक आहे, हे लक्षात ठेव. मग थॉर्सनांची सून उठली, म्हणाली हो, मीही ऐकलं. मग आणखी दोघी. मग एक नवरा उठून म्हणाला, "फोन आमच्या हिने धरला होता, पण कान मीही लावला होता." शेवटी मिसेस क्रलही उठली, म्हणाली, "मी फक्त पोपट काय ओरडतोय ते बघायला गेले होते," आणि लोक इतके हसले की त्यात तिचं उरलेलं वाक्य वाहून गेलं, पण हो म्हणाली ती.

टटल पांढराफटक पडला होता. तरी पूर्वीचा हेका सुटला नव्हता. म्हणाला, "म्हणजे सगळ्यांनीच नियम मोडला. सगळ्यांचे फोन काढावे लागतील." मागून कुणीतरी ओरडलं, "काढा! मग तुम्ही आणि तुमची मेहुणी बोलत बसा दिवसभर." आणि मग अल्मायरा उठली. ती हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू आलं. "अँब्रोज, अकरा घरांत त्या दिवशी ऐकत नव्हतं असं एकच घर होतं. आपलं. ऐकत असतास तर लाइन शांत होती असं तू म्हणालाच नसतास. मी सभेत खोटं बोलले ते तुझ्यासाठी. आता नाही बोलणार. कुठे होतास तू?"

तो खालीच बसला. गोठ्यात होता. पाईप ओढायचा सोडला म्हणून त्याने याच तळघरात सगळ्यांसमोर शपथ घेतली होती, आणि रोज संध्याकाळी चाऱ्यावर पडून पाईप ओढत होता. झोप लागली. जागा झाला तेव्हा सगळं पेटलेलं. तीन घोडे सोडवले, करडीपर्यंत पोचता आलं नाही. घराकडे तो गेलाच नाही, फोनला त्याने हातही लावला नाही. खापर फोडायला त्याला एक डोकं हवं होतं, आणि लाइनवरचं तू कुणाला सांगणार नाहीस ही त्याला खात्री होती. तुझ्या सचोटीवर त्याने तुझा बळी दिला. मी त्याला कच्चा खायच्या तयारीने आले होते, पण तो घोडीचं नाव घेऊन लहान मुलासारखा रडायला लागला आणि मी केकची ताटं आवरायला घेतली. अल्मायरा त्याच्याशेजारी बसली, पण तिने त्याचा हात धरला नाही. नंतर मी तिला विचारलं, हे आधी का नाही बोललीस. म्हणाली, "मी तुम्हा नऊजणींना पकडायला सापळा लावला होता गं. त्यात माझाच नवरा सापडला. ते गिळायला वेळ लागला." आणि मग तिच्या केकचा एक मोठा तुकडा मला बांधून दिला. खरं माप एक चमचा आहे.

टटलने अध्यक्षपद सोडलं. ऐकण्याचा नियम सगळ्यांनी हात वर करून रद्द केला. सगळ्यांत आधी मिसेस क्रलचा हात वर झाला.

आता हे पत्र कशासाठी, ते. तुझ्या जागी बसवलेली टटलची भाची चार आठवड्यांत कंटाळून पळाली, आणि तुझ्या जुन्या घरात दुसरं कुटुंब आलंय. तेव्हा बोर्ड ठेवायचा कुठे, हा प्रश्न पडला. तो माझ्या पुढच्या खोलीत आहे. मी सोमवारपासून त्याच्यापुढे बसलेय, आणि हे लिहिताना सारखी उठत होते ते त्याच्याचसाठी. मला ते मुळीच जमत नाही. काल पाद्रीबाबांना मी डुकरांच्या व्यापाऱ्याशी जोडून दिलं आणि दोघं बराच वेळ एकमेकांशी आदराने बोलत राहिले. कंपनीने तुला मानाने परत बोलवायचं ठरवलंय, त्याचा कागद वेगळा येईल. पण मी त्या कागदाची वाट बघितली नाही, कारण मला जे सांगायचंय ते कागदात नसणार. मागची खोली रिकामी केलीय. तुझी खुर्ची त्या लोकांकडून मी उचलून आणली, विचारून नाही. हे घर मला एकटीला खायला उठतं, हॅटी. नवरा गेला तेव्हा उठलं नव्हतं, कारण तेव्हा हँडल फिरवलं की तू होतीस. नोकरीसाठी ये किंवा नको येऊस, पण राहायला ये. हे मी फोनवर सांगितलं असतं, पण अकरा घरांच्या कानांवर मला ते सांगता येत नव्हतं. तुला मात्र त्याचं उत्तर पत्राने देता येणार नाही. फोन कर. संध्याकाळच्या गाडीची शिट्टी झाली की कर, तेव्हा सगळे लाइनवर असतात. ज्यांनी तुझ्यासाठी तोंड उघडलं नाही, त्या सगळ्यांना तुझा आवाज ऐकू दे. मी बोर्डावरच असेन.

तुझीच,
ऑगस्टा